मृत्युपत्रवाली मावशी

आनंद झाला की मृत्युपत्रवाल्या मावशीला एका जागी बसवत नसे. ती पुण्याची, इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीची संशोधक. सेंगकांग उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही तिला भाड्यानं दिली होती. मलाक्कातल्या जुन्या डच मालकांची मृत्युपत्रं वाचायची आणि त्यांत गुलाम म्हणून नोंदलेल्यांचा माग काढायचा, हे तिचं काम. म्हणून आमच्या लेकीनं, ईशानं, तिला हे नाव ठेवलं. कुणाचा पत्ता लागला की मावशी पायांत चपला सरकवून थेट खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांकडे! मागोमाग आम्ही.

नुसतं 'गुलाम' म्हटलेलं तिला खपत नसे. "गुलाम केलेली माणसं म्हण गं," ती मला थांबवायची. "या मृत्युपत्रात बघ, आरसा, पलंग, शेळ्या, आणि मग फ्लोरा. अशी वाटणी करतात मेले! फ्लोरा हे नावही मालकानंच ठेवलेलं असणार. आई काय हाक मारायची, कोण जाणे."

त्या फ्लोरानं आमच्या घरी मुक्कामच ठोकला. मालक वारल्यावर फ्लोरा गेली त्याच्या थोरल्या मुलाकडे आणि तिची लहानगी लेक मालकाच्या बहिणीकडे. पुढे काय झालं? ईशा जेवताना रोज विचारायची, "मावशी, फाउंड ऑलरेडी ऑर नॉट?" मावशीची नोकरी संपत आली होती, इथे राहायचा पास वाढणार नव्हता. तरी ती मायलेकींचा पिच्छा सोडेना.

निघायच्या आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला, "सगळे खाली या!" आम्ही धावलो. ती इमारतीखाली धापा टाकत उभी.

"फ्लोराचं मृत्युपत्र! मालकाचं नाही गं, तिचं स्वतःचं! त्याच घरच्या गुलामीतून सुटलेली, नावगाव सगळं जुळतंय. भांडीकुंडी, कपडे, खाट, सगळं लेकीला दिलंय. ऐक, 'माझी मुलगी, जी माझ्यापाशी राहते'!"

लेकीला तिनं कसं परत आणलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण आणलं होतं!

"शी गॉट हर बॅक, लाह!" ईशा किंचाळली. मावशीनं तिचे दोन्ही हात धरले आणि तिथेच फुगडी घातली. बुद्धिबळ खेळणारे चिनी आजोबा डाव सोडून टाळ्या वाजवू लागले.

चांगी विमानतळावर मी रडले, ती नाही. काचेतून पाहिलं, तर रांगेतल्या एका अनोळखी बाईला ती हातवारे करून काही सांगत होती. रांग पुढे सरकली होती. त्या दोघी मात्र तिथेच उभ्या होत्या.