वडील कशाने गेले?

सांगा बघू, स्वतःच्या छातीबाबत माणसाने विश्वास ठेवावा कुणावर? डॉक्टरवर, बायकोवर की जिभेवर? इथे इस्रायलात, लोदला माझं मसाल्याचं दुकान आहे. हळद संपते, मिरची संपते. हे किस्से मात्र साचतच जातात. ऐकायला घरी कुणी नाही, म्हणून गिऱ्हाइकाला स्टूल देतो. बसा!

* * *

थोरला मोजेसभाऊ आणि मी तपासायला एकदमच गेलो. डॉक्टरीण रशियातून नुकतीच आलेली. विचारते, "वडील कशाने गेले?"

मी म्हणालो, "नजर लागली."

भाऊ म्हणाला, "छे! उन्हातून आले नि गटागटा ताक प्यायले."

ती लिहायची थांबली. "तुम्हाला वडील दोन होते का?"

वडील अलिबागेला छाती धरून ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. पण आमच्यात हार्टने कुणी जातच नाही!

* * *

भावाचं मीठ बंद झालं. आमटी अळणी जेवायचा आणि वर कैरीचं लोणचं चाटायचा. रूथवहिनी ओरडली, तर म्हणाला, "मीठ कैरीने खाल्लंय, मी कुठे?"

* * *

मग चालायची ऑर्डर निघाली. दुकान बंद करून दोघं स्टेशनपर्यंत जायचो. वाटेत सगळी आपलीच, कोकणातून आलेल्यांची घरं. एकीकडे चकली, दुसरीकडे करंजी! वजन वाढलं. डॉक्टरीण म्हणाली, "रस्ता बदला!"

* * *

मुलगा हैफाला. शुक्रवारी फोन करतो. मी मराठीत बोलतो, तो हिब्रूत. "आबा, तब्येत?" तेवढं एक मी त्याच्या हिब्रूत म्हणतो, "हाकोल बेसेदेर." सगळं ठीक. फोन ठेवला की घरात फक्त फ्रिज बोलतो.

* * *

आपला नातू सैन्यातून सुखरूप आला म्हणून भावाने एलियाहू हनाबीला, म्हणजे आमच्या प्रेषिताला, बोललेला नवसाचा मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, फळं, ताट मांडलेलं. भावाला दरदरून घाम.

मी विचारलं, "डॉक्टरला बोलावू?"

"गप रे! एलियाहू हनाबीचं ताट मांडलंय. पित्त आहे. आधी प्रार्थना होऊ दे."

प्रार्थना झाली. सगळ्यांनी मलिदा खाल्ला. त्याच्या वाटचा तसाच राहिला.

* * *

पुढे डॉक्टरिणीने विचारलं, "भाऊ कशाने गेला?"

पित्ताने, म्हणणारच होतो. म्हणालो, "हार्टने. वडीलही."

तिने पेन खाली ठेवलं. "आता शर्ट काढा, नीट तपासते."

त्या संध्याकाळी जुन्याच रस्त्याने वहिनीकडे गेलो. वहिनीने चहाला तीन कप काढले. एक परत फळीवर ठेवला. चकलीचा डबा पुढे केला, मग तोही मागे घेतला.

तुम्हालाही कुणीतरी विचारेल. हिशोब खरा द्या, बाबांनो. लोणचंसुद्धा धरा.