कंससरांची काठी

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना विद्यार्थी पाठीमागे 'कंससर' म्हणत. सव्वीस वर्षं ते फिनॉमेनॉलॉजी, म्हणजे अनुभवाचं तत्त्वज्ञान, शिकवत होते आणि दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर मोठा कंस काढत. गणितातून तत्त्वज्ञानात आलेल्या एका जर्मन प्राध्यापकाने शंभरेक वर्षांपूर्वी ही वाट पाडली: जग खरंच आहे की नाही, हा वाद कंसात ठेवा, समोरची वस्तू आपल्याला कशी जाणवते, तेवढंच नीट सांगा. ऐकायला सोपं, करायला महाकठीण.

मग सरांचे डोळे गेले. आठ महिने बायको त्यांना दंडाला धरून फाटकापासून दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत आणून सोडत होती. प्राचार्यांना ते पटेना. महिनाअखेर एकट्याने वर्गात पोचून दाखवा, नाहीतर राजीनामा द्या, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. शिकवणं सुटलं तर या माणसाकडे दुसरं काहीच उरणार नव्हतं, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

सरांनी काठीने चालायला शिकवणाऱ्या एक बाई गाठल्या. त्या जन्मापासून अंध, आणि बोलायला फटकळ. सरांनी काठी हातात घेतली आणि वर्णनच सुरू केलं: मुठीला रबर, टोकाशी कंप, आधी कंप की आधी आवाज... पुढे पायरी आहे असं गृहीत धरायचं नाही, या कंसाच्या जुन्या शिस्तीने ते जिन्यात उतरले आणि तीन पायऱ्या गडगडले.

"सर, तुम्ही काठी तपासत बसता," बाई म्हणाल्या. "काठीने जमीन तपासायची असते."

गुडघा चोळता चोळता सरांना हसू आलं. त्या जर्मन प्राध्यापकाशी त्याच्याच पट्टशिष्याचं यावरूनच वाजलं होतं. शिष्याचं म्हणणं, माणूस जगाकडे लांबून बघत नसतो, आधीच कामात गुंतलेला असतो. हातोडा नीट चालतोय तोवर हातोड्याकडे कोण बघतं? पुढे एका फ्रेंच माणसाने या सगळ्यात शरीर आणलं. सवय झाली की आंधळ्याची जाणीव मुठीत राहत नाही, काठीच्या टोकाशी जाते, असं तो सांगे. हे उदाहरण सरांनी सव्वीस वेळा शिकवलं होतं. कळलं मात्र गुडघा फुटल्यावर.

मग ते रोज बाईंबरोबर तोच जिना चढले-उतरले. ठरल्या दिवशी प्राचार्य वर्गाच्या दाराशी उभे राहिले. सर मनात तासाची जुळवाजुळव करत निघाले ते थेट उंबरठ्याला काठीचं टोक लागलं तेव्हा भानावर आले. प्राचार्य "छान" म्हणाले. नोकरी राहिली.

बायको मागून येऊन शेवटच्या बाकावर बसली होती. तिला आता काही काम नव्हतं. सर त्या दिवशी भलतेच रंगात आले. "चांगली काठी कोणती?" त्यांनी वर्गाला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "हातात आहे याचं भानच राहत नाही, ती."

घरी जाताना बायको शेजारून चालत होती, हात न लावता.

"आठ महिने मी आणलं तुम्हाला," ती म्हणाली. "तेव्हा माझं भान राहायचं का हो?"

सर थांबले. काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, पण जे जाणवलं तेवढंच सांगायची जन्माची सवय आड आली. त्यांनी आठवून पाहिलं. जिना आठवला, व्हरांड्यातला फिनेलचा वास आठवला, त्या त्या दिवशीच्या तासाचे मुद्देही आठवले. ती उजवीकडून चालायची की डावीकडून, तेवढंच आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही राहायचं," ते म्हणाले.

"मला मात्र तुमच्या प्रत्येक पायरीचं राहायचं," ती म्हणाली.