दत्तोबा मिस्तरी आणि उलटे नट

छप्पन साली चाकणला, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, दत्तोबा मिस्तरीची पत्र्याची शेड होती. ट्रक, पाण्याची इंजिनं आणि पंचक्रोशीतले मोजून चार ट्रॅक्टर, एवढ्यांची दुखणी तो बघायचा. हाताला गुण होता, पण तोंड फार फटकळ. गिऱ्हाईक शेडीत पाय ठेवायच्या आधीच त्याचं पुटपुटणं सुरू व्हायचं.

मूळचा तो बीडकडच्या पाटोद्याचा. लढाईच्या काळात पोटामागं देहूरोडच्या लष्करी डेपोत आला आणि लॉऱ्यांच्या चाकांच्या कामावर लागला. तिथं एका चाकाचा एक नट उलटा बसलेला सापडला, तेव्हा हवालदारानं त्याला आठ लॉऱ्यांची सगळी चाकं सोडून पुन्हा बसवायला लावली. दोन दिवस लागले, तळहाताची सालटी निघाली. तेव्हापासून चाकाच्या नटावरून दत्तोबाची नजर कधी घसरली नाही. आणि लोकांना मात्र नट म्हणजे फिरवला की झालं, एवढंच ठाऊक. या एका गोष्टीनं तो दहा-बारा वर्षं धुमसत होता.

वैशाखात एका सकाळी कुरुळीच्या सोपानरावांचा विलायती ट्रॅक्टर शेडीपुढं येऊन थांबला. मागं ट्रॉलीत वीस-बावीस वऱ्हाडी. खेडला सोपानरावांच्या भाचीचं लग्न होतं. ड्रायव्हर कोंडाजीला रेडिएटरमध्ये पाणी घालायचं होतं, बस्स.

दत्तोबा घागर घेऊन आला आणि मागच्या चाकाजवळच थबकला. नटांच्या कडेनं गंजाचे तांबडे ओघळ उतरले होते. वाकून पाहिलं, तर आठच्या आठ नट उलटे! निमुळती बाजू बाहेर, सपाट बाजू आत.

"कोंडाजी, पंधरा दिवसांखाली पंक्चर काढल्यावर हे चाक कोणी बसवलं?"

"मीच की."

"मी काय मनलो होतो? निमुळतं तोंड चाकाच्या भोकात गेलं पायजे. मनलो होतो का नाही?"

"आवं, सपाट बाजू आत गेली का जास्त दाबून बसतंय. चार जणांस्नी इचारूनच बसवलं."

"चार जणांना! अन् ज्यानं सांगितलं त्याला सोडून!" दत्तोबानं घागर आदळली. "दसऱ्याला चाकाला हळद-कुंकू लावता, झेंडूची माळ घालता, अन् नटाकडं बघायला डोळे फुटले का रे?"

सोपानराव घड्याळ बघत खाली उतरले. "मिस्तरी, माघारी येताना बघा काय ते. बारा वाजून सात मिनिटांचा मुहूर्त हाय. नवरीमागं मामा म्हणून मलाच उभं ऱ्हायाचंय."

"हे चाक खेडच्या उतारावर निखळलं म्हणजे कोणामागं उभे राहताल?"

"शुभ कार्याला निघालोय, वंगाळ बोलू नगा!"

ट्रॉलीतूनही गलका झाला. कुणी म्हणालं, मिस्तरीला कामच काढायचंय. कुणी म्हणालं, हाकला रं. कोंडाजी सीटवर चढला. दत्तोबा चाकापुढं जमिनीवर बसला आणि हातोडीनं एकेक नट वाजवू लागला. पहिले तीन ठणठणले. चौथा मात्र मडक्यासारखा बद्द वाजला. त्यानं पाना लावून जरासा हिसका दिला, तर नट आणि त्यात अडकलेला बोल्टाचा तुकडा दोन्ही हातात आले. सहाव्याचंही तेच. चाकातली बोल्टांची भोकं घासून अंड्यासारखी लांबट झाली होती.

तो तुकडा त्यानं सोपानरावांच्या तळहातावर ठेवला.

सगळ्यात आधी ट्रॉलीतून उतरल्या त्या सोपानरावांच्या आई, शालनबाई. साठीच्या, अंगानं काटकुळ्या. उतरल्या आणि लेकाला म्हणाल्या, "बघत काय बसलास? दुसरी गाडी बघ."

बाजारातून खेडकडं कांद्याचा एक ट्रक निघाला होता. वऱ्हाड त्या गोण्यांवर बसून गेलं. सोपानराव मांडवात पोचले तेव्हा भटजी अंतरपाट धरून ताटकळले होते, आणि मामाच्या फेट्यावर कांद्याची सालपटं होती. लग्न लागलं. पण व्याह्यांनी त्यावरून जे हसं केलं, त्याचा राग सोपानरावांनी दत्तोबावरच धरला. धन्यवादाचं तर नावच नको.

पुण्याहून बोल्ट आणि चाकाची नवी तबकडी यायला नऊ दिवस लागले. दत्तोबानं समोरासमोरचे नट जोडीजोडीनं आवळत चाक बसवलं आणि कोंडाजीला बजावलं, "एक दिवस नांगर चालव, मग सगळे नट पुन्हा आवळ. नवं काम बसतं, नट ढिले होतात. कळलं?"

"व्हय, व्हय."

तिसऱ्या दिवशी दत्तोबाला राहवेना. उन्हातान्हात तो कुरुळीला चालत गेला. नट आवळायला त्यानं कोंडाजीला पाना पिशवीत जसा बांधून दिला होता, तसाच गाठीसकट होता. त्यानं पिशवी कोंडाजीच्या पायाशी फेकली.

"अरे, गुरांना शिकवलं असतं तर दावणीला आपण होऊन उभी राहिली असती! मी काय माझ्या जिवासाठी सांगतो का?"

आवाज ऐकून शालनबाई बाहेर आल्या. "वरडून काय व्हणार? मला दाखवा. मला कळंल."

दत्तोबानं आधी कपाळाला हात लावला. मग दाखवलं: तोंड कुठलं, ओघळ कसा दिसतो, घट्ट नटाचा आवाज कसा, ढिल्याचा कसा. म्हातारीनं भाकरी चांगली भाजली की नाही हे वाजवून बघावं तसे आठही नट वाजवले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो खरंच ढिला होता.

त्यानंतर शालनबाईंनी नट वाजवल्याशिवाय ट्रॅक्टर खळ्याबाहेर गेला नाही. कोंडाजी महिन्याभरात रडकुंडीला आला. "मिस्तरी, म्हातारीला आवरा, पेरणीचा खोळंबा व्हतोय," म्हणून तो शेडीत आला. दत्तोबानं त्याला हुसकून लावलं.

पण त्याच्याही डोक्याचा ताप काही उतरला नाही. शालनबाईंनी आता विहिरीवरचं इंजिन, मोटेचं चाक, शेजाऱ्याची सायकल, सगळं वाजवायला घेतलं होतं. दर आठवड्याला कुणी ना कुणी निरोप घेऊन यायचं: आवाज बद्द येतोय, मिस्तरींना ताबडतोब बोलावलंय. दत्तोबा शिव्या देत पिशवी उचलायचा आणि कुरुळीच्या वाटेला लागायचा.