साहेबाचे फेफरे

नाशिकच्या पक्षिवैद्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "इडिओपॅथिक एपिलेप्सी म्हणावी लागेल." इडिओपॅथिक म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला. "झटके येतात हे नक्की. का येतात ते माहीत नाही. त्या माहीत नसण्याला आम्ही एक ग्रीक नाव दिलं आहे, एवढंच."

टेबलावर पिंजरा होता. पिंजऱ्यात एक कॉकाटील मान पंखात घालून बसला होता. कॉकाटील हा मूळचा ऑस्ट्रेलियातला लहान पोपट. अंग राखाडी, डोके पिवळे, गालांवर नारिंगी ठिपके, डोक्यावर तुरा. या पक्ष्याचे नाव साहेब.

पक्षी माझा नव्हता. या आजारपणातली निम्मी अडचण तीच होती.

साहेब लक्षीचा. लक्षी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर राहते. पावसाळ्यात घरची भात-नाचणी करते आणि दिवाळी झाली की नवरा काशिनाथबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. इकडे याला 'जगायला जाणे' म्हणतात. जाणारे आपली जनावरे मागे राहणाऱ्यांकडे ठेवतात. शेळी ठेवली आणि तिला पिल्ले झाली तर त्यातले एक सांभाळणाऱ्याचे. पोपटाच्या बाबतीत असा काही वाटा ठरलेला नाही.

मागच्या हंगामात लक्षीने भट्टीजवळच्या एका बंगल्यात काही दिवस धुणीभांडी केली होती. ते कुटुंब कायमचे परगावी राहायला गेले आणि जाताना पक्षी तिला देऊन गेले. साहेबांच्या घरचा म्हणून साहेब. पाड्यावर त्याला पोपट मानायला कोणी तयार नव्हते. पोपट हिरवा असतो. "ह्यो कोंबडीचा पिलू हाय, हळद लागलेला," असे काशिनाथ स्वतःच सांगायचा.

मी मोखाड्यात राहते, बातम्या पाठवण्याचे काम करते. बाजाराच्या दिवशी लक्षी माझ्याकडे नाचणी घेऊन येते, ती ओळख जुनी. यंदा दिवाळीनंतर ती पिंजरा घेऊन आली आणि ओटीवर ठेवून म्हणाली, "ताई, होळीपर्यंत सांभाळा." पिंजऱ्यातली दांडी तळापासून जेमतेम चार बोटांवर बांधलेली होती आणि तळाला गोधडीचा घडी घातलेला तुकडा होता. हे तसेच राहू द्या, असे ती म्हणाली. का, ते म्हणाली नाही. मीही विचारले नाही.

ती गेल्यावर मी गोधडी काढली, कारण तिला वास येत होता. तिच्या जागी वर्तमानपत्र घातले. ते रोज बदलता येते. दांडीही वर बांधली. पक्ष्यांना उंचावर बसायला आवडते, असे वाचले होते.

पहिला झटका सकाळी आला. मी पेरूची फोड घेऊन पिंजऱ्याजवळ गेले होते. साहेबाने फोडीकडे पाहिले, मग मान एका बाजूला वळवली आणि ती वळतच गेली. तो दांडीवरून खाली पडला. पंख तळावर आपटत होते, पायांच्या मुठी वळल्या होत्या, डोळे उघडे होते. वर्तमानपत्र फाटले. मग सगळे थांबले. मेला असे वाटले तेवढ्यात तो उठून बसला. पण पुढे बराच वेळ तो पिसे फुलवून कोपऱ्यात बसून राहिला. हाक मारली तरी बघेना. या अवस्थेला पोस्ट-इक्टल म्हणतात हे नंतर कळले. झटका संपलेला असतो, पण मेंदू अजून परतलेला नसतो.

मी त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. बाकावर एक बाई कोकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिने पिंजऱ्यावरचा टॉवेल बाजूला करून पाहिले आणि याच्यासाठी दवाखाना, एवढेच विचारले. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "मी बैलाचा डॉक्टर. याची शीर शोधायची तर मला आधी डोळे बदलावे लागतील. औषधाचा थेंब इकडचा तिकडे झाला तर झटक्याने नाही, माझ्यामुळे मरेल." त्यांनी तीन प्रश्न विचारले. काय खाल्ले, कशाला चोच लावली, आणि याआधी कधी असे झाले होते का.

तिसऱ्याचे उत्तर मी लगेच दिले. नाही, हे पहिल्यांदाच.

मग पुन्हा झटके येऊ लागले. कधी लागोपाठ दोन दिवस, कधी आठवडाभर काहीच नाही. काही नसलेला आठवडा जास्त वाईट जातो, कारण काहीतरी लागू पडले असे वाटू लागते. मी घरातली एकेक वस्तू काढत गेले. डास मारण्याची अगरबत्ती बंद केली. न चिकटणारा तवा बंद केला, कारण तापल्यावर त्याची वाफ पक्ष्यांना बाधते. खिडकीला दिवाळीत दिलेला रंग खरवडला. पिंजऱ्याच्या तारेत जस्त असते म्हणून पिंजरा बदलला. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "घरात आता तूच उरलीस. आता स्वतःला काढून बघ." त्या चेष्टेनेच बोलल्या होत्या. पण तोपर्यंत मीही तोच विचार करू लागले होते.

नाशिकला एसटीने नेले, त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने. पिंजऱ्याला ओढणी गुंडाळली होती. तिकिटासाठी हा कोंबडी म्हणून धरायचा की पोपट म्हणून, असे वाहकाने विचारले. मागच्या बाकावरचा एक म्हातारा ठामपणे म्हणाला, "पोपट नाय. पोपट मी पाहलाय." घाटात साहेबाला झटका आला. ओढणीच्या आत पंखांचा आवाज होत होता. मी पिंजरा मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि दुसरे काही करत नव्हते. करण्यासारखे दुसरे काही नसते.

नाशिकच्या दवाखान्यात बसण्याची जागा कुत्र्यांच्या जागेलाच लागून आहे. साहेबाने तुरा खाली घेतला आणि तासभर हलला नाही. डॉक्टरांनी त्याला टॉवेलमध्ये धरले. मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून सुईच्या टोकावर मावेल एवढे रक्त घेतले, एक्स-रे काढला. शिसे किंवा जस्त पोटात गेले असेल तर ते एक्स-रेत पांढरे दिसते. दिसले नाही. रक्तातले कॅल्शियम कमी झाले तरी झटके येतात. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर राहणाऱ्या पक्ष्यांत तसे होते. साहेब लक्षीच्या शेतातली नाचणी खात होता. कॅल्शियम व्यवस्थित निघाले.

इथेही तोच प्रश्न आला. याआधी कधी? मी तेच उत्तर दिले. डॉक्टर म्हणाले, मोठ्या वयाच्या पक्ष्याला अचानक सुरू झाले म्हणजे काहीतरी नवे घडले असणार. नवी जागा, नवे विष, नवा संसर्ग. यातली नवी जागा म्हणजे माझे घर. बाकीचे दोन्ही तिथेच शोधायचे होते.

त्यांनी लेव्हेटिरासेटम दिले. माणसांच्या अपस्मारावरचेच औषध, पातळ करून चोचीच्या कडेने थेंब सोडायचे. झटका चालू असताना हात लावायचा नाही, मोबाइलवर चित्रण करून पाठवायचे. आणि पिंजऱ्यात दांडी खाली बांधा, म्हणाले, तळाला जाड मऊ कापड घाला, म्हणजे पडला तरी डोक्याला मार बसणार नाही.

गोधडीचा तुकडा मला तिथे आठवला. पण लक्षीने तो थंडीसाठी घातला असेल, असे मी धरून चालले. घरी येऊन तो शोधला, धुतला आणि पुन्हा घातला.

औषधाने झटके कमी झाले, थांबले नाहीत. साहेब दिवसभर पेंगू लागला. शीळ घालणे बंद झाले. आता जो पक्षी उरला तो बरा की वाईट, हे ठरवणे अवघड होते. एकदा डॉक्टरांनी फोनवर सांगितले की झटके वाढले आणि त्याला त्रास होत असेल तर युथनेशियाचा विचार करावा लागेल. म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरू देणे. संमती मालकाची लागते. मी म्हणाले, मालक भट्टीवर आहे.

आठवड्याच्या सुट्टीला लक्षीचा फोन यायचा. मागे ट्रकचा आवाज असायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब जेवला का?" मी म्हणायचे, जेवला. ते खरे असायचे. झटक्यांबद्दल मी सांगितले नाही. हंगाम अर्धा टाकून तिला येता येणार नव्हते. सांगून काय होणार होते, असा हिशेब मी केला होता. माझ्या घरात आल्यावर हे सुरू झाले, हेही सांगावे लागले असते. एकदा तिने थोडे थांबून विचारले, "बरा हाय ना तसा?" मी म्हणाले, बरा आहे.

होळीला लक्षी आली. भट्टीच्या धुळीने केस तांबूस झाले होते. तिने ओटीवर बसून पिंजऱ्याचे दार उघडले, साहेब तिच्या बोटावर चढला, आणि कित्येक आठवड्यांनी त्याने शीळ घातली. आता सांगायलाच हवे होते. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्याची मान वळू लागली.

लक्षी दचकली नाही. तिने पदर मांडीवर पसरला, त्यावर त्याला उतरवले आणि हात काढून घेतला. त्याच्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत बसली.

झटका संपल्यावर ती म्हणाली, "मला ठावं होतं ताई."

बंगल्यातल्या बाईनेही तिला काही सांगितले नव्हते. मागच्या वर्षी गावी येताना टेम्पोतच साहेब पडला. मेला म्हणून तिने टेम्पो थांबवून काशिनाथला खड्डा खणायला लावला. तो खणेपर्यंत पक्षी उठून बसला होता. मग अधूनमधून तसे होत राहिले. तिने कांदा हुंगवून पाहिला, काही फरक पडला नाही. दांडी खाली बांधली, गोधडी घातली. यंदा जगायला जाताना तिने आधी नणंदेला विचारले होते आणि खरे सांगितले होते. नणंद म्हणाली, मेला तर बोल आमच्यावर येईल, नको. "मंग तुमाला नाय सांगलं," लक्षी म्हणाली. "सांगलं असतं तं ठेवला नसता ना?"

मी तिला माझ्या बाजूचे सांगितले. नाशिक, औषध, आणि फोनवर दर वेळी म्हटलेले 'बरा आहे'.

ती हसली. "आन मी तिथं दर सुट्टीला म्हणायची, ताईकडं गुण आला याला."

त्याच दुपारी आम्ही नाशिकला फोन लावला. डॉक्टरांनी पुन्हा विचारले, पहिला कधी? या वेळी लक्षीने सांगितले, टेम्पोपासून सगळे, खड्ड्यासकट. मग ते म्हणाले की विष, रंग, तवा हे सगळे आता बाजूला ठेवायचे. आजार जुना आहे, बहुधा बंगल्यातही होता. तुमच्या घराचा त्यात हात नाही. कारण कळेल का, असे मी विचारले. "कळणार नाही. आता हे जास्त खात्रीने सांगतो." औषधाची मात्रा मात्र त्यांनी कमी केली. रोज पेंगणारा पक्षी आणि कधीतरी पडणारा पक्षी, यांत त्यांनी दुसरा निवडला. इंजेक्शनचे त्यांनी लक्षीलाही समजावून सांगितले. ती ऐकून म्हणाली, "खातो तवर नको."

ज्यांच्या घरी असा पक्षी आहे त्यांना माझ्याकडून उपाय मिळणार नाही. जे उपयोगी पडले ते एवढेच. दांडी खाली बांधा. तळाला कापड घाला. झटक्यात हात लावू नका, तो संपल्यावर अंधार आणि ऊब द्या. तपासण्या करा, कारण कधी कधी शिसे सापडते आणि पक्षी वाचतो. आणि पक्षी दुसऱ्याकडून आला असेल तर सुईच्या आधी त्या माणसाला गाठा. त्याने सांगितले नसेल, तर तुम्ही नाही म्हणाल अशी भीती त्याला वाटली असेल.

शिमगा झाल्यावर लक्षीला पाऊस लागेपर्यंत पुन्हा भट्टीवर जायचे होते. टेम्पो नाक्यावर उभा होता, काशिनाथ हाका मारत होता. ती पिंजरा घेऊन ओटीवर आली. दांडी खाली होती, गोधडी घातलेली होती. पिंजरा खाली न ठेवता ती उभी राहिली.

"आता सांगून ठेवते ताई. याला फेफरं येतं. कवा बी मरल. ठेवाल का?"

मी पिंजरा तिच्या हातातून घेतला.

सुट्टीच्या दिवशी अजून फोन येतो. साहेब जेवला का, हा प्रश्न पहिला. त्यानंतर ती दुसरा विचारते, पडला का? मी सांगते, परवा पडला. मग पलीकडे ट्रक जातो, आणि ती वाट बघते. मी सांगते, उठला.