मिनूचे आबाजी

मदत मागताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. आबाजींचा येत नसे. भाजीच्या गाडीपाशी, किराणा दुकानाच्या पायरीवर, जिथं कडेवर मूल घेतलेली बाई दिसेल तिथं ते थांबत आणि खणखणीत आवाजात विचारत, "बेटा, तुझं पोट्टं रात्री झोपते काय? आमचं तं झोपतच नाही. तू काय करतं?" चांगला उंचापुरा माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा आणि खांद्यावर वर्षाच्या आतली नात. बायका आधी गोंधळत, मग हसत आणि मग हळूहळू सांगू लागत.

मीही त्यातलीच एक. राज्य नवं झालं आणि ह्यांची बदली भोपाळहून रायपूरला झाली. शंकर नगरच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं घर घेतलं. नव्या राजधानीतली नवी कार्यालयं, फायली अजून खोक्यातच. हे सकाळी जात ते अंधार पडल्यावर परतत. सासर वर्ध्याला, माहेर यवतमाळला. गल्लीतली सगळी घरं आमच्यासारखीच, कुणी जबलपूरहून आलेलं, कुणी ग्वाल्हेरहून, आणि सगळ्यांची दारं बंद. माझा सोहम तेव्हा आठ-नऊ महिन्यांचा. तो रडायचा आणि दार लावून मीही रडायचे. घरी फोनवर मात्र सगळं छान चाललंय म्हणून सांगायचे. आपल्याला मूल सांभाळता येत नाही, अशी माझी खात्रीच होऊन बसली होती.

अशाच एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर आबाजी. म्हणाले, "तुमचा आवाज आयकला. मराठी बोलून राहिल्या, म्हून आलो. हे पोट्टी वरणभात तोंडात घेते अन थुंकून देते. तुमचं लेकरू कसं खाते, मले दाखवा."

माझं लेकरूही थुंकूनच देतं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण नात एवढी सुकलेली दिसत होती की मी तिला मांडीवर घेतलं आणि ओसरीवरच बसले. भात मऊ कुस्करला, त्यावर वरणाचं पाणी आणि तुपाचा थेंब घातला, आणि गाणं म्हणत म्हणत एकेक शीत तिच्या ओठाला लावू लागले. भूक असावी, किंवा मांडी वेगळी म्हणून असेल, तिनं खाल्लं. आबाजी गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बघत होते. जाताना म्हणाले, "तुमच्या हातानं खाल्लं बा तिनं. उद्या येतो." त्या संध्याकाळी हे घरी आल्यावर मी त्यांना दिवसभराचं सगळं सांगत बसले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं.

आबाजी रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी मालगाडीवर, शेवटच्या डब्यात. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण आयुष्य गेलं ते रायपूर-बिलासपूरच्या रुळांवर. बायको त्यांच्या निवृत्तीच्या आधीच गेली. एकुलती लेक कोरब्याला दिली होती. जावई तिथं वीज केंद्रात पाळीवर काम करी. बाळंतपणानंतर काही दिवसांतच लेक तापानं गेली. जावयाच्या आईला अंथरुणावरून उठवत नव्हतं. तेव्हा आबाजींनी नातीला उचललं आणि रायपूरला आणलं. या वयात हे काहून अंगावर घेता, असं नातेवाईक म्हणाले. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "माझी लेक कवा बसली, कवा चालली, मले डूटीवरून आल्यावर समजे. हिचं तरी पाहू द्या."

पण पाहायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. लंगोट बांधणं, ढेकर काढणं, दात येताना काय करायचं, सगळं विचारून विचारून ते शिकत होते. घरोघर हिंडून पाय दुखायला लागले, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. कॉलनीत एक सामुदायिक भवन होतं. लग्नं सोडली तर त्याला कुलूपच असे. आबाजींनी सेक्रेटरींकडून सकाळपुरती किल्ली मागून घेतली, पंडरीच्या बाजारातून एक जाडजूड सतरंजी आणली आणि सगळ्या बायकांना सांगत सुटले, "मी कोणाकोणाच्या घरी येऊ? तुमीच एका जागी या ना."

पहिल्या दिवशी आम्ही चौघंच, ते आणि त्यांची नात मिनू, मी आणि सोहम. मग जबलपूरची सुनीता आली, तिची जुळी मुलं घेऊन. मग एक तेलुगू बाई आली. तिला ना हिंदी येत होती ना मराठी, पण बाळाला तेल चोळावं तर तिनंच. कार्यक्रम असा काही नसे. वाट्या, चमचे, रिकामे डबे एवढीच खेळणी. आबाजी प्रत्येकीला काही ना काही विचारत, आणि जिला विचारलं ती त्या गोष्टीतली गुरू होऊन बसे. मला वाटतं, त्यांनी आम्हाला मदत अशी कधी केलीच नाही. फक्त एक नियम त्यांनी घातला होता. "जिले झोप येऊन राहिली तिनं कोपऱ्यात झोपावं. पोट्टे आमी पाहतो." पहिल्यांदा मी झोपले तेव्हा बाकीच्या बायका काय म्हणतील याची लाज वाटली होती. जाग आली तेव्हा सोहम सुनीताच्या मांडीवर होता आणि माझ्या अंगावर कुणीतरी ओढणी पांघरली होती.

त्या वर्षांत शंकर नगरच्या आसपास जिकडेतिकडे घरं उठत होती. भवनाच्या शेजारच्या प्लॉटवरही काम चालू होतं. तिथं रमशीला नावाची रेजा, म्हणजे बांधकामावर मजुरी करणारी बाई, डोक्यावरून विटा वाहायची आणि तिचा बुधारू दिवसभर रेतीच्या ढिगावर बसलेला असायचा. मिनूच्याच वयाचा. एक दिवस आबाजी रमशीलाला विचारून त्याला घेऊन आले, तोंड धुतलं आणि सतरंजीवर मिनूशेजारी बसवलं. दोघी बायका आपली मुलं उचलून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. भला माणूस, आवाज न चढवता म्हणाले की भवन कॉलनीवाल्यांसाठी आहे, लोक तक्रार करतात.

आबाजींनी वाद घातला नाही. किल्ली त्यांच्या हातात दिली, सतरंजी गुंडाळली आणि समोरच्या मोकळ्या जागेत करंजाच्या झाडाखाली अंथरली. भांडला का नाहीत, असं मी विचारलं. बुधारूच्या केसांतली रेती झटकत ते म्हणाले, "मी लहान होतो तवा मले शाळेत दाराबाहेर बसवत. मास्तर चांगला होता, बाहेर आयकू येईल असं जोरानं शिकवे. पण बाहेर म्हणजे बाहेरच, बेटा. या पोट्ट्याले मी ऊठ म्हणणार नाही."

मी सोहमला घेऊन सतरंजीवर बसले. सुनीताही आली. उचलून नेलेली मुलंही पुढच्या काही आठवड्यांत परत आली. घरात एकटीनं मूल सांभाळणं किती जड असतं हे त्यांच्या आयांनाही ठाऊक होतं. पावसाळा लागला तेव्हा सेक्रेटरींनी आपण होऊन किल्ली पाठवली. आबाजींनी ती घेतली, आणि दार उघडल्यावर सगळ्यांत आधी बुधारूला आत सोडलं.

पावसाळ्यात भवन आणि एरवी करंजाखालची सतरंजी, असं चालता चालता मिनू चारेक वर्षांची झाली. मराठी सगळं समजायचं तिला, पण उत्तर हिंदीतच. दिवसभर आबाजींच्या मागे मागे. आणि नेमक्या त्याच सुमाराला आबाजींनी जावयाच्या मागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. तो तयार नव्हता. मुलगी तुमच्याजवळ सुखात आहे, मला आता काही नको, म्हणायचा. आबाजी स्वतः कोरब्याला जाऊन आले. आम्हाला म्हणाले, "मी किती दिवसाचा? पोट्टीले बाप पाह्यजे. अन त्या पोरालेबी घर पाह्यजे. एकटाच डबा खाते तो." मुलगीही त्यांनीच पाहिली. राजनांदगावची शालिनी, बालवाडीत शिकवणारी, तिशी उलटलेली. लग्न ठरलं तेव्हा तिला त्यांनी एकच अट घातली. आधी सुटीत रायपूरला येऊन राहायचं.

ती आली. आबाजी तिला सतरंजीपाशी घेऊन आले आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, "हे मिनूची माय होणार हाय. मले शिकवलं तसं हिलेबी शिकवा." शालिनी संकोचून एका कडेला बसली. मिनूनं तिच्याकडे पाहिलं आणि आबाजींच्या गळ्यात हात टाकून विचारलं, "ये कौन है?" दिवसभर ती शालिनीच्या जवळ फिरकली नाही.

मग आबाजींनी जे केलं ते मी रोज बघत होते, पण समजलं उशिरा. ते थोडेथोडे लांब बसू लागले. आधी सतरंजीच्या काठावर, मग झाडाच्या बुंध्याशी, मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर. मिनू हाक मारायची, तर तिथूनच ओ द्यायचे. शालिनी हट्टानं जवळ गेली नाही. ती बाकीच्या मुलांना पानांच्या पिपाण्या करून देत राहिली, आणि मिनू ते लांबून बघत राहिली. पुढे पुढे तीही पिपाणीसाठी हात पुढे करू लागली.

एके दिवशी धावताना मिनू विटेला अडखळून पडली. गुडघा चांगलाच फुटला. तिनं भोकाड पसरलं. टपरीवर आबाजी ताडकन उठून उभे राहिले. मिनूनं भरल्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ती जवळ बसलेल्या शालिनीकडे धावली. शालिनीनं तिला पोटाशी घेतलं. आबाजी क्षणभर तसेच उभे होते. मग परत बाकावर बसले.

मी त्यांच्याजवळ गेले. चहाचा पेला त्यांच्या हातात होता, पण ते पीत नव्हते. म्हणाले, "लागलं की लेकरू जवळच्याकडे पळते, बेटा. माझी लेक पडे तवा मी कुठंतरी सिग्नलपाशी उभा राहो." मग पेला बाकावर ठेवत म्हणाले, "जमलं. आता मिनूले नेऊ द्याले हरकत नाही."

लग्न झाल्यावर मिनूला न्यायला जावई आणि शालिनी जीप घेऊन आले. मिनूनं नवा फ्रॉक घातला होता. आबाजी, आप भी चलो, असं म्हणत ती त्यांचं बोट ओढत होती. येतो मागून, असं म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं. आमच्यातल्या कुणीही तेच केलं असतं. आबाजी खाली बसले आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "मी नाही येत. मी इथं राहतो. तू मायबापासंग जा. मी भेटाले येईन, अन येतो म्हटलं की येतो." मिनूनं त्यांचं बोट आणखी घट्ट धरलं. पण शालिनीनं हात पुढे केला तेव्हा बोट सोडून तिनं तो धरला. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आबाजी हात हलवत होते.

त्यानंतर ते दर महिन्याला कोरब्याला जात राहिले, शब्द दिल्याप्रमाणे. गेले तेही तिथंच, मिनूच्या घरी, बऱ्याच वर्षांनी. तेव्हा ती कॉलेजात होती. त्यांच्या उशाशी रात्रंदिवस शालिनी होती, असं मिनूनं मला फोनवर सांगितलं, स्वच्छ मराठीत. पण आबाजी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते मिनू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचे.

त्या सकाळी ते येतील असं आम्हा कुणालाच वाटत नव्हतं. ज्या नातीसाठी हे सगळं मांडलं, तीच आता नव्हती. सतरंजी त्यांच्या घरी, म्हणून आम्ही करंजाखाली मातीतच बसलो होतो. उशिरानं ते आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, काखेत सतरंजी. नेहमीसारखी अंथरली, कोपरे सारखे केले आणि बसले. हात मात्र मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. एकदा मांडीवर ठेवत, एकदा जमिनीवर.

तेवढ्यात रमशीला कामावर निघाली होती, ती आमच्याकडे वळली. तिला महिन्याभरापूर्वी मुलगी झाली होती. काल काय झालं हे तिला माहीत होतंच. आली ती सरळ आबाजींपुढे उभी राहिली, पोटाशी बांधलेलं गाठोडं सोडलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "एला धर तो बबा, मैं काम म जात हंव," एवढंच म्हणाली आणि डोक्यावर पाटी घेऊन निघून गेली.

आबाजी बाळाकडे बघत राहिले. इतकं लहान मूल त्यांनी मिनूनंतर हातात घेतलं नव्हतं. एक हात मानेखाली सरकवला, दुसऱ्यानं ऊन अडवलं. थोडा वेळ गेला आणि बाळानं त्यांची इस्त्रीची पँट ओली केली. आबाजींनी खाली पाहिलं, वर पाहिलं आणि मिशीत हसले.

"कोणाजवळ सुकं फडकं हाय काय?" त्यांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं. मी दिलं. ते बदलता बदलता म्हणाले, "हिचं नाव अजून ठेवलं नाही म्हणते रमशीला. काय ठेवावं, सांगा बरं."

आणि सतरंजीवरच्या सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या.