आक्काची लेव्हल

आमचा हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र सांभाळायचं, आणि तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं; आकडा मोठा पडला की घाव लागला. खासबागेतल्या माझ्या घरी दर रविवारी दुपारी ऑफिसातले तिघे जमायचे. गोष्ट सांगायचं काम माझं. दीड वर्षात तिघांची पात्रं सहाव्या लेव्हलला पोचली होती, म्हणजे एका घावात लांडगा लोळवतील एवढी ताकद.

त्या सुमारास माझी थोरली बहीण निपाणीहून बदली होऊन बेळगावात आली. ती नर्स. दोन रविवार आमचा आरडाओरडा ऐकत ती शेजारी भाजी निवडत बसली. तिसऱ्या रविवारी खुर्ची ओढून म्हणाली, "मला बी घ्या की रं."

तिला कितव्या लेव्हलला घ्यायचं यावरून वाद झाला. आमच्यातला एकजण काकतीहून मोटरसायकलवर यायचा, त्यानं एक रविवार चुकवला नव्हता. तो म्हणाला, "आक्का, राग मानू नका. पण आम्ही पहिल्यापासनं चढत आलोय. तुम्हीबी पहिलीपासनंच सुरू करा."

"व्हय, बरोबर हाय," आक्का म्हणाली. मी तिला जखमा बऱ्या करणारी वैद्यीण सुचवली. "आठवडाभर तेच करते," म्हणत तिनं कुऱ्हाडवाली घेतली.

पंचाईत माझी झाली. बाकीच्यांसाठी ठेवलेल्या राक्षसांचा एक फटका तिला पुरला असता. मग मी लबाडी सुरू केली. राक्षसांचे फासे मीच टाकायचो, आणि ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडायचे. तिच्यावर अठरा पडले तरी मी "चुकलं" म्हणायचो. राक्षस तिला वळसा घालून काकतीवाल्यावरच धावायचे.

तिसऱ्या लढाईत तिनं कुऱ्हाडवालीला मुद्दाम राक्षसाच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. मी फासा टाकला. "चुकलं."

आक्कानं हात लांबवून पुठ्ठा बाजूला केला. फाशावर एकोणीस होते.

माझे कान तापले.

"लहानपणी कॅरममधी मी तुला असंच जिंकू द्यायची," ती म्हणाली. "तुला कळायचं न्हाय. मला कळतंय रं. असं जपूनच खेळवणार असलास तर मी आपली भाजी निवडते."

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर जिंकलेल्या त्या सगळ्या डावांचं वाईटही वाटलं.

काकतीवालाच पुढं झाला. "चूक माझी हाय, आक्का. मी उगीच हट्ट धरला. तुम्ही सहावीला या."

"सहावी नको. एवढी ताकद घेऊन करायचं काय तेच कळणार न्हाय मला. चौथी द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू खरं मार."

काकतीवाल्यानं तिच्या शेजारी बसून कागदावरचा एकेक आकडा वाढवला, तो कशाचा हे समजावलं. त्यात अर्धा तास गेला. पुढच्या रविवारी मी फासे सगळ्यांसमोर टाकले. दुसऱ्याच लढाईत कुऱ्हाडवाली मेली. मला आक्काकडे बघवेना.

ती टेबलावर हात आपटून हसत होती. "लई झ्याक मेली!" म्हणाली, आणि नवं पात्र लिहायला कोरा कागद मागितला. ते दुसरं पात्र आज आठव्या लेव्हलला आहे, आणि दार फोडायची वेळ आली की तिघेही आधी आक्काला विचारतात.