काळी चारच्या शेजारची पट्टी

अगं, ये ना जवळ. अशी दारातल्या खुर्चीवर टेकल्यासारखी काय बसतेस, बस सुटायचीय का तुझी? आणि मी मोबाईलवर एवढं एवढं लिहून पाठवते, तर तू नुसता अंगठा दाखवतेस — शोभतं का? आज अंगठा चालायचा नाही. आज ऐकायचं. कारण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमचे हे गेले, त्यांनाही नाही. रोज देवासमोर पेटी घेऊन बसते, पण तिथंसुद्धा मनातल्या मनात हे वाक्य मी कधी पुरं केलेलं नाही.

तेजलचं गाणं तू ऐकलंयस. चारोटीच्या हॉटेलांत, हळदीच्या मांडवात, रिक्षात — कुठं वाजत नाही ते? ते कानाशी कुजबुजल्यासारखं, आधी खालच्या सुरात जरासा आलाप, मग गिटार आणि ढोल. पेपरवाले लिहितात, शास्त्रीय शिकलेली पोरगी पॉपमध्ये आली आणि काय मखमली आवाज घेऊन आली! सगळ्यांना कौतुक, की अशी दबक्या आवाजात गायची कल्पना हिला सुचली कशी?

मला विचारा ना. मला कुणी विचारत नाही.

हां, तर तेजल झाई गावची. वडील शाळेत मास्तर. परकर-पोलक्यातली असल्यापासून एसटीनं डहाणूला माझ्याकडे शिकायला यायची. मी कोण? रेल्वेतल्या माणसाची बायको, रेडिओ ऐकून ऐकून पेटी शिकलेली. पण कान चोख हो! तिला पहिला सा मी दिला. तिची वेणीसुद्धा घालायचे, कारण बसमध्ये सुटलेली असायची. माझ्याजवळचं संपलं तेव्हा बोरिवलीला ख्याल शिकवणाऱ्या बुवांकडे मीच घेऊन गेले तिला. अडवलं नाही. अडवलं असतं तर निदान सरळ तोंडावर तरी झालं असतं.

दोन हजार चौदा साल. तळासरीला एका शाळेच्या हॉलमध्ये तिचं पहिलं मोठं गाणं होतं. मुंबईच्या एका संगीत संमेलनाचे गृहस्थ मुद्दाम ऐकायला आले होते. त्यांना पटलं तर त्यांच्या मंचावर तिला बोलावणार, म्हणजे ख्याल गाणारी म्हणून तिचं नाव लागणार. बुवांना बरं नव्हतं, ते आले नाहीत. पेटीला मी, तबल्याला उंबरगावचे जिग्नेशभाई. रियाज जास्त झालेला, त्यामुळे सकाळपासून तेजलचा घसा जरा धरलेला होता. ज्येष्ठमधाची काडी चघळायला मीच दिली. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेव.

तुला पेटीतलं कळत नसेल तर सांगते, सोपं आहे. प्रत्येक गाणाऱ्याची आपली एक पट्टी असते, तिथं त्याचा सा. तेजलची काळी चार. त्या पट्टीत ती वरच्या पंचमापर्यंत जायची, जेमतेमच, पण जायची — आणि तिथं पोचली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. काळी चारच्या लगेच उजवीकडे पांढरी सहा. अर्ध्या सुराचा फरक. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. गाणाऱ्यालाही आधी कळत नाही. वर गेल्यावर कळतं.

पडद्यामागे आम्ही वाद्यं लावत होतो. निवेदन करणाऱ्या बाई शेजारीच उभ्या राहून तेजलची ओळख मोठ्यानं वाचून बघत होत्या. बुवांचं नाव, बुवांच्या गुरूंचं नाव, घराणं, कॉलेज, बक्षिसं. मी कान देऊन होते. आता येईल. पुढच्या वाक्यात येईल — बाईंनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

माझं नाव नव्हतं.

आणि माझं बोट सरकलं. — नाही, बोट कसलं आपोआप सरकतंय? मी सरकवलं. तंबोऱ्याच्या त्या इलेक्ट्रिक डब्याचं बटण फिरवलं आणि पेटीवर पांढरी सहा धरली. जिग्नेशभाई हातोडी थांबवून माझ्याकडे बघायला लागले.

“मासी, आजे पांढरी सहा? छोकरी चढेल एवढी?”

“तिनंच सांगितलंय,” मी म्हटलं.

“तमे जाणो, तुमचं तुम्ही जाणा,” ते म्हणाले, आणि तबला चढवायला लागले.

तेजल येऊन बसली. सा लावला. एकदा माझ्याकडे वळून बघितलं, कपाळाला बारीकशी आठी. मी मान हलवली. छान आहे, चालू दे.

सुरुवात सुंदर झाली. मग ती वर निघाली. मला थांबवता आलं नसतं? खोकला आला म्हणून पेटी सोडली असती, काहीही केलं असतं. मी केलं काय? पेटीवर तिच्या मागोमाग वर गेले. पंचमाशी तिचा आवाज फुटला. ती परत गेली, परत फुटला. मग ती गेलीच नाही. बंदिश कशीबशी आवरली, हात जोडले आणि उठली. मुंबईचे गृहस्थ चहा न घेता निघून गेले.

मला काय वाटलं होतं सांगू? जरासा घाम फुटेल तिला, एवढंच. आणि इथं — मी भात्यावर हात ठेवून तशीच बसले. हे मी केलं? वेणी घालणाऱ्या ह्याच हातांनी?

परत येताना जीपमध्ये ती एकच बोलली, “मावशी, माझ्याच पट्टीत फुटला गं.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पुढचं जगाला माहीत आहे. बुवांकडे जाणं सुटलं. जाहिरातींची गाणी झाली, मग कॉलेजच्या पोरांबरोबर बँड, मग ते गाणं, ज्यानं तिला घराघरांत नेलं. सगळं खालच्या सुरात. वर जायचंच नाही! अगं, लोक ज्याला मखमल म्हणतात ना, ती भीती आहे. आणि ती मी दिलेली आहे.

इथं थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण थांबले नाही.

ह्या वर्षीच्या सुरुवातीला, एकोणीस साली, ती मला भेटायला आली. आमच्याकडे तेव्हा जमिनीला धक्के बसत होते. तळासरीकडची माणसं थंडीत तंबूत झोपत होती, आणि डहाणूत आम्ही मांडणीवरची भांडी खाली उतरवून ठेवली होती. चहा होतोय तेवढ्यात एक धक्का आलाच. दोघी अनवाणी अंगणात पळालो.

“एवढी मोठी गायिका आली, मावशी, जमीन हलणारच,” म्हणाली. हसलो. घरात जायला धीर होईना म्हणून चिकूखालच्या कट्ट्यावरच बसलो.

मग ती गंभीर झाली. “मला एका ठिकाणी नुसतं ख्याल गायला बोलावलंय. गिटार नाही, काही नाही. मला जायचंय गं. खरं सांग, तळासरीला काळी चारच होती ना? कधी कधी वाटतं, पट्टी चढी होती. तसं असेल तर मी जाईन.”

बघ, किती सोपं करून दिलं होतं पोरीनं! नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं.

“काळी चारच होती,” मी म्हटलं.

“मग मिटलं. तुझा कान कुठं चुकतो?” ती म्हणाली, आणि तिथंच, माझ्यासमोर, फोन काढून त्या लोकांना नकार कळवला.

निघताना चपला घालता घालता म्हणाली, “एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी निवेदनात तुझं नाव मीच घालू दिलं नव्हतं. भैरवीच्या आधी मी स्वतः सांगणार होते — माझी पहिली गुरू ही इथं पेटीवर बसलीय. पण भैरवीपर्यंत पोचलेच नाही.”

मी ओट्याचा खांब धरला.

“मावशी, आता नाही काही हललं,” ती म्हणाली.

तेव्हा तरी? गाडी फाटकातून वळेपर्यंत वेळ होता. मी चिकूची पिशवी तिच्या हातात दिली आणि सांभाळून जा म्हटलं. ‘पहिली गुरू’ — हे शब्द नुकते कुठं मिळाले होते, ते हातचे घालवायचे नव्हते मला. पांढरी सहा रागाच्या भरात धरली असं एकवेळ म्हणता येईल. काळी चार मात्र मी शांत बसून, तिच्या डोळ्यांत बघत म्हटलं. आजही सांगताना माझा मलाच विश्वास बसत नाही. पण तसंच झालं.

तू काही बोलू नकोस. माझी समजूत घालू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही, तुला सांगितलं म्हणजे हे झाईपर्यंत जाणार, तिथून तिच्याकडे जाणार, मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगितलं.

तेजल, पांढरी सहा होती. मी लावली होती. तुझा आवाज कुठंही कमी पडला नव्हता.

लवकर ये. पेटी पुसून ठेवते. पट्टी तू धर, मी हात लावणार नाही.